ट्रीची उंची: ठरवलेला आकडा की हिशेब?

फाइल सिस्टिममधली ट्री (डिस्कवर काय कुठे आहे ते शोधायची पातळ्या-पातळ्यांची सूची) जास्तीत जास्त किती उंच होईल, हे ठरवणारा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, रिव्ह्यूला आला की आधी एवढंच बघायचं: उंचीचा आकडा ठोकून दिलाय की सूत्राने काढलाय?

ठोकलेला आकडा वाचायला सोपा. बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये ८ पातळ्या, ईएक्सटी४ या दुसरीत एक्सटेंट ट्रीची खोली ५ (एक्सटेंट म्हणजे फाइलच्या सलग ब्लॉकांचा तुकडा). हे ५ लगेच पडताळता येतात. १ केबी ब्लॉकमध्ये १२ बाइटचं हेडर वजा जाता १२ बाइटच्या ८४ नोंदी, इनोडमध्ये (फाइलची मूळ माहिती असते तिथे) ४. ४ गुणिले ८४चा पाचवा घात २च्या ३२व्या घातापुढे जातो, आणि फाइलचे लॉजिकल ब्लॉक (फाइलच्या आत क्रमाने मोजलेले) जास्तीत जास्त २च्या ३२व्या घाताएवढेच असतात. (ब्लॉक पूर्ण भरलेले धरले आहेत, हे ध्यानात ठेवा.) मर्यादा फॉरमॅटमध्येच पक्की असेल तर आकडा पुरे, गृहीतक मात्र शेजारी लिहिलेलं हवं.

मर्यादा वाढू शकत असेल तर मी सूत्राच्या बाजूने. एक्सएफएस या तिसऱ्या फाइल सिस्टिममध्ये पूर्वी अशा सगळ्या ट्रींना (बी-ट्रींना) मिळून एकच ९ होता. मग एका फाइलच्या एक्सटेंटची मर्यादा २च्या ३१व्या घातावरून ४८व्यावर न्यायची ठरली. १ केबी ब्लॉक घ्या: हेडर ७२ बाइट, नोंद १६ बाइट, म्हणजे ब्लॉकमध्ये ५९ नोंदी. पण वाईटात वाईट धरायचं तर ब्लॉक अर्धेच भरलेले, म्हणजे २९. जुन्या मर्यादेला २९ने पुन्हापुन्हा भागत १वर आलं की ७ पातळ्या, वर इनोडमधलं रूट (ट्रीचं सगळ्यात वरचं टोक) धरून ८. भागत होतं. नव्या मर्यादेला १० अधिक १, म्हणजे ११.

फसगत इथेच होते. कुणी २९ऐवजी ५९ने भागलं आणि इनोडमधलं रूट विसरलं, तर उत्तर बरोब्बर ९ येतं! दोन चुका, आणि उत्तर जुन्या आकड्याशी तंतोतंत जुळणारं. म्हणून कोड वाचण्याआधी मी कागदावर भागाकार करतो, तोही सगळ्यात लहान ब्लॉक घेऊन. ४ केबीवर करून काही कळत नाही, तिथे नवी मर्यादाही ८मध्ये बसते.

लिनक्स ५.१६मध्ये तो ९ गेला आणि प्रत्येक प्रकारच्या ट्रीचा कर्सर (ट्रीतून जाताना प्रत्येक पातळीवरची जागा लक्षात ठेवणारी रचना) तिच्या कमाल उंचीला बेतला गेला. मोठी मर्यादा ५.१९मध्ये आली. क्रम हाच हवा. मेमरी वाचते, पण सूत्र एकाने चुकलं तर कर्सर आखूड पडतो, म्हणून माउंटच्या (फाइल सिस्टिम वापरायला जोडण्याच्या) वेळची तपासणी पॅचमधून गळली नाही ना, ते बघा.

रीफ्लिंक (अनेक फाइलींनी एकच ब्लॉक वाटून घ्यायची सोय) असलेल्या रिव्हर्स-मॅपिंग ट्रीला, म्हणजे कुठला ब्लॉक कुणाचा ते सांगणाऱ्या ट्रीला, मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. एकच ब्लॉक कितीही फाइलींत वाटलेला असू शकतो, त्यामुळे नोंदी मोजायच्या कशा? तिथे प्रश्न उलटा विचारावा लागतो: एवढ्या ब्लॉकांत ट्री जास्तीत जास्त किती उंच उभी राहील? नोंदींवरून ती उंची काढणारा पॅच मी सरळ परत पाठवतो.