दृष्टान्त मूळ ग्रंथात वाचताना : बडोद्यातील एका तत्त्वज्ञानवर्गाचे परीक्षण

बडोद्यात दांडिया बाजाराच्या परिसरातील एका जुन्या वाड्याच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी तत्त्वज्ञानाचा अभ्यासवर्ग भरतो. मूळ ग्रंथांतील निवडक उतारे, त्यांत आलेली रूपके व दृष्टान्त आणि त्यांच्याशी नाते सांगणारे चित्रपट, अशा तिन्ही अंगांनी तेथे अभ्यास होतो. सत्र चार महिन्यांचे असते आणि त्याचे शुल्क बाराशे रुपये असून झेरॉक्स प्रतींचा खर्च त्यातच धरलेला असतो. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एक प्राध्यापक बाई वर्ग चालवतात आणि संस्कृत व पाली उताऱ्यांच्या वेळी एक शास्त्री त्यांच्या मदतीला असतात. चर्चा मराठीत होते. काही गुजराती मंडळीही नियमित येतात, पण मराठी-गुजरातीची सरमिसळ बडोदेकरांच्या अंगवळणी पडलेली असल्याने त्याची अडचण कोणाला होत नाही. नुकतेच संपलेले सत्र मी आरंभापासून शेवटपर्यंत केले. या विषयाची ओढ असूनही नेमकी सुरुवात कोठून करावी हे ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

वर्गाचा एक नियम आहे आणि माझ्या मते त्याचे सारे मोल त्या नियमातच आहे. कोणताही दृष्टान्त सुटा घ्यायचा नाही. तो ज्या उताऱ्यात आला तो उतारा आधी संपूर्ण वाचायचा, दृष्टान्तातील कोणती गोष्ट कशाच्या जागी उभी आहे ते ठरवायचे, आणि मग त्याची मर्यादा कोठे येते ते शोधायचे. कीर्तन-प्रवचने ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्या लोकांच्या कानांवर शेकडो दृष्टान्त पडलेले असतात आणि ते ओळखीचे असल्यामुळेच आपल्याला ते समजले आहेत असे वाटत राहते. हा समज किती वरवरचा असतो, हे पहिल्याच काही बैठकांत लक्षात येते.

सत्रातील सर्वांत समृद्ध भाग रथाच्या रूपकाचा होता. कठोपनिषदाच्या तिसऱ्या वल्लीतील (प्रकरणातील) 'आत्मानं रथिनं विद्धि शरीरं रथमेव तु' हा मंत्र अनेकांना पाठ असतो. बुद्धी हा सारथी, मन हा लगाम आणि इंद्रिये हे घोडे, हेही आपण सांगू शकतो. बाईंनी प्रश्न असा विचारला की, घोडे आवरण्याचे काम सारथ्याचे असेल आणि सारथी म्हणजे बुद्धी असेल, तर रथात बसलेला स्वामी नेमके काय करतो? या प्रश्नावर बराच वेळ वाद झाला. त्यानंतर प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादातील रथ वाचायला दिला गेला. तेथेही सारथी आहे आणि दोन पंखयुक्त घोडे आहेत, त्यांतला एक उमदा आणि दुसरा अनावर. मात्र सारथ्याहून वेगळा असा रथात बसलेला कोणी नाही. सारथी व घोडे मिळूनच आत्मा होतो. दोन्ही चित्रे वरवर इतकी सारखी दिसतात की त्यांची तुलना करणारे बहुतेक जण साम्यापाशीच थांबतात. येथे फरकापाशी थांबलो, आणि आत्मा हा कर्ता की केवळ साक्षी हा जुना वाद आपसूक समोर आला.

तिसरा रथ 'मिलिंदपञ्हा' या पाली बौद्ध ग्रंथातील. नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतात की तू कशात बसून आलास, आणि राजा रथ म्हणताच ते एकेक भाग पुढे करतात. दांडा म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके? प्रत्येक वेळी राजाला नाही म्हणावे लागते आणि अखेरीस त्याला मान्य करावे लागते की या सर्व अवयवांच्या आधाराने रथ हा केवळ एक व्यवहार होतो. त्यापुढे नागसेन वजिरा भिक्षुणीची गाथा उद्धृत करतात, ज्यात अवयव एकत्र आले म्हणजे जसा रथ हा शब्द होतो, तसे स्कंध, म्हणजे शरीर-मनाचे घटक, असताना 'सत्त्व' (जीव) ही संज्ञा होते, असे म्हटले आहे. ज्या रथाने उपनिषदात आत्म्याला आसन दिले, त्याच रथाचे भाग सुटे करून बौद्ध परंपरेने आत्मा नाकारला. शास्त्रींनी हे तिन्ही उतारे एका पानावर छापून आणले होते. ते पान मी अजून जपून ठेवले आहे.

याच भागानंतर आनंद गांधी यांचा २०१२ सालचा 'शिप ऑफ थीसियस' हा चित्रपट दाखवला गेला आणि चित्रपटाची निवड किती विचारपूर्वक होऊ शकते याचा तो उत्तम नमुना होता. फळ्या बदलत गेलेले थीसियसचे जहाज तेच राहिले की दुसरे झाले, यावर तत्त्वज्ञांत वाद होता, असे प्लूटार्कने थीसियसच्या चरित्रात नोंदवले आहे. तो लहानसा परिच्छेद आम्ही आधी वाचला होता. चित्रपटात प्रश्न जहाजाचा नसून अवयवांचा आहे. दृष्टी परत मिळालेली छायाचित्रकार, प्राण्यांवर चाचणी झालेली औषधे घ्यायला नकार देणारा आजारी साधू, मूत्रपिंडाचे आरोपण झालेला शेअर दलाल, या तिघांच्या कथा त्यात आहेत. साधूच्या कथेवर सर्वाधिक बोलणे झाले, कारण नागसेनांचे म्हणणे मान्य करणाऱ्यालाही वेदना कोणाची, हा प्रश्न टाळता येत नाही. वर्गातील एका निवृत्त परिचारिकेने रुग्णालयातील अनुभवांच्या आधारे मांडलेले विचार त्या संध्याकाळी मला सर्वांत मोलाचे वाटले.

प्रमाणांवरील, म्हणजे खरे ज्ञान मिळवण्याच्या साधनांवरील, भागही असाच चांगला बांधलेला होता. न्यायदर्शनाच्या मूळ न्यायसूत्रांत 'आप्तोपदेशः शब्दः' असे शब्दप्रमाणाचे, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यातून ज्ञान देणाऱ्या प्रमाणाचे, लक्षण आहे आणि वात्स्यायनाच्या भाष्याप्रमाणे आप्त तो, ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे. हे वाचून झाल्यावर जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा १९५० सालचा 'राशोमोन' पाहिला. एकाच घटनेबद्दल दरोडेखोर, स्त्री, माध्यमाच्या तोंडून बोलणारा मृत सामुराई आणि लाकूडतोड्या यांच्या चार हकीकती त्यात येतात. या चित्रपटाबद्दल 'सत्य सापेक्ष असते' एवढेच म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. वात्स्यायनाचे लक्षण हाताशी असल्यामुळे आम्हांला अधिक नेमके बोलता आले. चौघेही तेथे हजर होते, म्हणजे पहिली अट सर्वांनीच पुरी केली होती. ढळली ती दुसरी अट, जसे पाहिले तसे सांगण्याची इच्छा. चित्रपटाचा विषय जाणण्याची मर्यादा हा नसून सांगणाऱ्याचा अहंभाव हा आहे, हे माझे मत त्या चर्चेत बनले आणि अजून कायम आहे. चित्रपट ८८ मिनिटांचाच असल्याने चर्चेला भरपूर वेळ उरला, ही बाबही आयोजकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्यापुढच्या शनिवारी जयराशिभट्टांच्या 'तत्त्वोपप्लवसिंह' या ग्रंथातील काही भाग वाचला गेला, आणि त्याचा बडोदेकर म्हणून मला विशेष आनंद झाला. सर्व प्रमाणांचे खंडन करणारा हा ग्रंथ गुजरातेतील पाटणच्या हस्तलिखित-भांडारातील ताडपत्रावरून संपादित होऊन १९४० साली गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेत येथूनच प्रसिद्ध झाला. शांतरक्षितांचा 'तत्त्वसंग्रह' कमलशीलांच्या पंजिका या टीकेसह १९२६ साली याच मालेत छापला गेला. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या या कामाची ओळख आपल्या शहरातच किती कमी लोकांना आहे! प्रत्यक्ष ज्ञान 'अव्यभिचारी', म्हणजे न चुकणारे, असते असे नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) म्हणतात. ते तसे आहे हे कशावरून ठरवायचे, कारणे निर्दोष आहेत यावरून, पुढे बाध येत नाही यावरून, की त्यानुसार केलेली कृती यशस्वी होते यावरून, असा जयराशींचा मारा आहे. प्रत्येक पर्याय ते कसा पाडतात हे शास्त्रींनी फळ्यावर मांडून दाखवले. उतारा कठीण होता आणि दोन-तीन जण मध्येच उठून गेले, पण असा मजकूर सोपा करून सांगितला नाही याबद्दल मी बाईंची ऋणी आहे.

शंकराचार्यांच्या अध्यासभाष्याला, म्हणजे त्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रस्तावनेला, एकच बैठक मिळाली, तरी तीत एक गोष्ट नव्याने कळली. अध्यास, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचा भास, म्हटला की आपल्याला दोरी आणि साप आठवतात, परंतु त्या प्रस्तावनेत दृष्टान्त येतात ते चांदीसारख्या भासणाऱ्या शिंपल्याचे आणि एक असून दोन दिसणाऱ्या चंद्राचे. दोरीच्या दृष्टान्तासाठी बाईंनी गौडपादांच्या मांडूक्य उपनिषदावरील कारिका उघडायला लावल्या, जेथे अंधारात निश्चय न झालेल्या दोरीवर सर्प, जलधारा इत्यादींची कल्पना होते असे म्हटले आहे.

आता उणिवांकडे. देकार्तच्या 'मेडिटेशन्स'साठी १९९९ सालचा 'द मेट्रिक्स' निवडला होता आणि तो उतारा वाचण्याच्या आधी दाखवला गेला. क्रम उलटा झाल्याने सारा घोटाळा झाला. पहिल्या चिंतनातील, आपल्याला सर्व बाबतींत फसवणाऱ्या कपटी शक्तीची कल्पना ही संशय शक्य तितका ताणून पाहण्याचे एक साधन आहे आणि सर्व काही फसवे मानल्यावरही काय शिल्लक राहते, याचा शोध दुसऱ्या चिंतनात सुरू होतो. चित्रपट डोक्यात घेऊन वाचायला बसलेल्या वर्गाला संशयच विषय वाटू लागला, आभासी जगातून सुटका करणारा नायक आठवू लागला, आणि दुसऱ्या चिंतनापर्यंत वेळ पोहोचलाच नाही. लांब चित्रपटानंतर घाईघाईने केलेली चर्चा निष्फळ ठरते, एवढे तरी पुढील सत्रात टाळावे.

प्लेटोच्या गुहेची, म्हणजे भिंतीवरच्या सावल्यांनाच खरे मानणाऱ्या कैद्यांच्या रूपकाची, बैठक याच्या नेमकी उलट, चित्रपटाविना झाली आणि उत्तम झाली. 'रिपब्लिक'च्या सातव्या खंडातील हे चित्र सहाव्या खंडाच्या अखेरीस आलेल्या, ज्ञानाच्या पायऱ्या दाखवणाऱ्या विभागलेल्या रेषेशी जोडून वाचायचे, असे सॉक्रेटिस स्वतःच सांगतो. म्हणून आधी ती रेषा काढली गेली. बाहेर आलेल्या माणसाने परत खाली उतरून राज्यकारभाराचे ओझे उचलावे, या पुढच्या भागावरही पुरेसा वेळ दिला गेला.

मराठी ग्रंथाला मिळालेली जागा मात्र मला फार अपुरी वाटली. ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'तील अज्ञानखंडनाचे प्रकरण शेवटच्या बैठकीत उरकले गेले. अज्ञान मानले तर ते कोठे राहते, हा प्रश्न ज्या बळाने तेथे विचारला आहे, तो अध्यासभाष्याला लागूनच वाचला असता तर सत्राचा कणा बनला असता. मराठी चित्रपट तर एकही नव्हता. चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ सालचा 'कोर्ट' शब्दप्रमाणाच्या भागात सहज बसेल. गाण्यामुळे एखाद्याने जीव दिला, हे न्यायालयात कशाच्या आधारे सिद्ध करायचे, याचा विचार करताना साक्ष आणि कारण या दोन्ही कल्पना तपासाव्या लागतील. मी ही सूचना लेखी दिली आहे.

माडीवर जायचा जिना अरुंद आणि उंच आहे, त्यामुळे ज्येष्ठांनी सोबतीला कोणी घ्यावे. पडदा लहान असल्याने पुढच्या रांगा लवकर भरतात. संस्कृत येत नसेल तरी अडत नाही, कारण प्रत्येक उताऱ्याखाली मराठी अर्थ दिलेला असतो. ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांसाठी इंग्रजी अनुवाद वापरले जातात, त्यामुळे इंग्रजी वाचनाची थोडी सवय हवी. परीक्षा किंवा प्रमाणपत्र नाही. पुढील सत्राची नोंदणी दिवाळीनंतर सुरू होते. आरंभ पुन्हा रथापासूनच होणार असल्याने येणाऱ्यांनी कठोपनिषदाची तिसरी वल्ली आधी घरी वाचून यावी, म्हणजे पहिल्याच शनिवारी बाईंचा प्रश्न नुसता ऐकत बसण्याऐवजी त्यावर बोलता येईल.