काजूचं तेल पाठवायला पिंप की फ्लेक्सीटँक?

डिचोलीच्या भाच्याला काजूच्या टरफलांचं तेल परदेशी पाठवायचंय. 200 लिटरची पिंपं घ्यावीत की फ्लेक्सीटँक, यावर त्याचं अडलंय.

फ्लेक्सीटँक म्हणजे 20 फुटी कंटेनरात पसरायची, एकदाच वापरायची भलीमोठी पिशवी. आत पॉलिथिनचे थर, बाहेर विणलेलं पॉलिप्रॉपिलीन. साधारण 16,000 ते 24,000 लिटर मावतं. पिंपं त्याच कंटेनरात 80 बसतात, म्हणजे 16,000 लिटर. शिवाय रिकाम्या पिंपांचं वजन वाहायचं, प्रत्येकाचं झाकण आवळायचं. भरणी-उतरणीच्या मजुरीत पिशवी सरळ जिंकते.

पण पिशवीला लाड लागतात. कंटेनरच्या आतल्या भिंतीवरून तळहात फिरवून बघ, बाळा. एखादा खिळा, वेल्डिंगचा टोकदार थेंब राहिला तर सगळा माल गेला. पिंप फुटलं तर 200 लिटरच जातात. आणि पिशवी अर्धवट भरायची नाही. तेल आत हेलकावे खातं आणि भिंतींवर आदळतं. जेवढा माल, तेवढ्याच मापाची पिशवी मागव. तिकडे उतरवून घ्यायला पंप आहे का, तेही आधी विचार.

वापरानंतर तेलकट पिशवी कचराच. पिंप धुऊन पुन्हा विकलं जातं. मात्र टरफलांच्या तेलाचं पिंप पिण्याच्या पाण्याला कधीच नको, ते कातडी भाजतं.

एकच गिऱ्हाईक, पूर्ण कंटेनर, एकच तेल असेल तर फ्लेक्सीटँक घे. माल थोडा किंवा चार गिऱ्हाइकांत वाटायचा असेल तर पिंपंच. तुझी पहिली खेप लहान आहे, पिंपांतच पाठव.