एक पुस्तक, सहा दिवस: आठ महिने वापरून

लेक साडेचार वर्षांची असताना तिला काही काळ घरीच शिकवायचं ठरलं. तयार अभ्यासक्रम घेतला नाही, एक रीत तेवढी उचलली: सोमवारी एक चित्रपुस्तक निवडायचं आणि शनिवारपर्यंत अभ्यासाला तेच. झोपताना हवी तेवढी पुस्तकं वाचा, पण सकाळच्या चटईवर एकच. रोज आधी ते अख्खं वाचायचं, मग त्यातलंच काहीतरी धरून वीसेक मिनिटं काम. एके दिवशी शब्द, एके दिवशी आकडे, एके दिवशी चित्र.

कागदावर हे फार गोड दिसतं. आम्ही चौतीस आठवडे केलं. त्यातले पुरते पार पडलेले एकोणीस. बाकीचे आजारपणं, पाहुणे आणि माझा आळस यांनी खाल्ले.

तेच तेच वाचून पोरगी कंटाळेल ही भीती होती. कंटाळलो मी. तिसऱ्या आठवड्याचं पुस्तक होतं पावसात हरवलेला बूट शोधणाऱ्या मुलाचं. सोमवारी वाचलं, मंगळवारी वाचलं, बुधवारी माझं तोंड वाचत होतं आणि डोकं ऑफिसात. मध्येच ती म्हणाली, "बाबा, गोगलगाय."

"कुठे?"

"सगळ्या पानांवर आहे. तुला नाही दिसली?"

नव्हती दिसली. पहिल्या पानावर भिंतीच्या पायाशी, मग खिडकीच्या खाली, मग पन्हळीजवळ, आणि शेवटच्या पानावर थेट कौलावर. शब्दांत तिचा उल्लेखही नाही, चित्रकाराने आपली एक गोष्ट गुपचूप चालवली होती. गुरुवारी मी घड्याळाचा धडा काढणार होतो. त्याऐवजी विचारलं, बूट सापडायला किती वेळ लागला असेल? ती म्हणाली, "गोगलगाय भिंत चढेपर्यंत." घड्याळ मी परत भिंतीवर लावून टाकलं.

त्याच पुस्तकात 'वळचण' हा शब्द होता. मुलगा वळचणीला, म्हणजे छपराच्या पुढे आलेल्या कडेखाली, उभा राहतो. मी अर्थ सांगितला नव्हता, शुक्रवारी तिनेच टेबलाखाली बसलेल्या मांजराकडे बोट दाखवून सांगितलं की ते वळचणीला बसलंय. अर्थ थोडा हुकला, पण शब्द तिचा झाला होता. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात असंच दिसलं होतं: तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या मुलांच्या लक्षात नवे शब्द जास्त राहिले. वेगवेगळ्या गोष्टींतून तेच शब्द तितक्याच वेळा ऐकणाऱ्यांच्या कमी. या रीतीची सगळ्यात भक्कम बाजू मला हीच वाटते.

आता तक्रारी. पहिली माझ्याबद्दलच. वाचताना मुलांना प्रश्न विचारावेत, 'हो-नाही'चे नकोत, मोकळे हवेत, असं मी वाचलं होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांच्या १९८८ च्या अभ्यासात दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांनी महिनाभर असं वाचन केलं आणि मुलांचं बोलणं खरंच वाढलं. मी मात्र प्रत्येक पानावर तीन-तीन प्रश्न विचारायला लागलो. तो का रडतोय? पुढे काय होईल? तू असतीस तर? गोष्टीची पार पोलीस चौकशी झाली. एका सकाळी पुस्तक सापडेना, ते गादीखाली निघालं. "तू प्रश्न विचारतोस म्हणून लपवलं," इतकं सरळ उत्तर. आता नियम असा आहे की पहिल्या वाचनात मी एकही प्रश्न विचारायचा नाही, तिने हवे तेवढे विचारावेत. सोमवार त्यामुळे फार बरा जातो.

दुसरी तक्रार मोठी आहे आणि ही रीत वापरू पाहणाऱ्यांनी ती आधीच ऐकलेली बरी. चौथ्या महिन्यात मी घरभर सांगत सुटलो होतो की लेक वाचायला लागली. शनिवारी ती पुस्तक मांडीवर घेऊन आजीला वाचून दाखवायची, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग एका शनिवारी दोन पानं चिकटलेली होती. तिने ती एकदम उलटली आणि आत झाकलेल्या पानांवरची वाक्यं खडाखडा वाचली! आजी हसून हसून बेजार, मी गप्प. दुसऱ्या पुस्तकात 'पाऊस' हा शब्द दाखवला तर तिने आधी चित्राकडे पाहिलं. चित्रात पाऊस नव्हता, म्हणून म्हणाली, "झाड."

म्हणजे पाठ झालं होतं, वाचता येत नव्हतं. यात तिची चूक काहीच नाही. कॅनडातल्या मेरी अ‍ॅन इव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबिन यांनी चारेक वर्षांच्या मुलांच्या नजरेचा माग घेणारा अभ्यास २००५ साली छापला. मोठं माणूस वाचून दाखवत असताना मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्रंच बघतात, मजकुराकडे फार क्वचित. बघणारच, चित्रं त्यासाठीच काढलेली असतात.

मग उपाय सापडला तो साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. कोमेनियस या चेक शिक्षणतज्ज्ञाचं लॅटिन शिकवणारं सचित्र पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये छापलं गेलं. त्यात चित्रातल्या वस्तूंना आकडे दिलेले आहेत आणि बाजूच्या मजकुरात त्या वस्तूच्या शब्दाला तोच आकडा. मी आठवड्याच्या पुस्तकातलं एक चित्र पातळ कागदावर गिरवून घेतो, वस्तूंवर आकडे टाकतो आणि शब्दांच्या चिठ्ठ्या करतो. चित्र एकीकडे, शब्द दुसरीकडे. मध्ये आकडा आल्यामुळे तिला शब्दाकडे बघावंच लागतं. वाचतानाही शब्दांखालून बोट फिरवायला लागलो. त्यातून जो प्रश्न आला त्यावर मी आयुष्यात विचार केला नव्हता: "भिंत म्हणताना आधी भ येतो, मग ही वेलांटी भच्या आधी का बसलीय?" मी सांगितलं की पहिल्या वेलांटीला घाई असते. तिला पटलं. मला अजून चांगलं उत्तर सुचलेलं नाही.

हस्तकला, मातीकाम वगैरे बद्दल फार लिहीत नाही. महिनाभर उत्साहाने केलं, नंतर साफसफाईला वैतागून शुक्रवारचं चित्र तेवढं ठेवलं.

पुस्तक निवडताना मात्र आता मी चोखंदळ झालोय. दोन्ही पानांवर पसरलेलं चित्र असेल तर मधल्या शिवणीत काय अडकलंय ते आधी बघतो. एका पुस्तकातल्या कुत्र्याचं तोंडच शिवणीत गेलं होतं आणि आठवडाभर "त्याला बाहेर काढ" चाललं होतं. सहा दिवस रोज उघडल्यावर पिनांचं पुस्तक सुटतं, दोऱ्याने शिवलेलं टिकतं. आणि मजकूर मोठ्याने वाचून बघतो. शब्दाला शब्द ठेवलेली भाषांतरं सोमवारी खपून जातात, गुरुवारी जिभेला टोचतात. मी वाचता वाचता वाक्य सुधारायचो, तर ती लगेच पकडायची: "काल असं नव्हतं."

गणिताचं म्हणाल तर चित्रपुस्तकावर विसंबू नका. बदकं मोजून होतात तीन दिवसांत. बेरजेला बटणंच लागली. पण एक गंमत पुस्तकामुळेच झाली. चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांची असतात, सोळा पानांचा एक फर्मा (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला गठ्ठा) असे दोन फर्मे. आणि कित्येकांवर पृष्ठक्रमांकच नसतात. मग ते पेन्सिलने घालणं हे तिचं बुधवारचं काम झालं. एकवीसपासून सगळं ठीक, अठ्ठावीसनंतर म्हणाली, "नऊवीस." सांगून उपयोग होईना. शेवटी तिसावं पान उघडलं आणि एक पान मागे आणलं: तीसला एक उणं, म्हणून एकोणतीस. तिचे डोळे चमकले. पुस्तक बत्तीसला संपलं तर तिने दुसरं आणून त्याला जोडलं, तेहतीसपासून पुढे, आणि एकोणचाळीस स्वतःच म्हणाली. चौसष्टला तिसरं पुस्तक आलं. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, प्रत्येकाच्या आधी एक पान पुढे जाऊन मागे यायचं.

परवा चौथं पुस्तक जोडलं. शहाण्णव तिसऱ्याचं शेवटचं पान होतं. चौथ्याचं पहिलं सत्त्याण्णव, दुसरं अठ्ठ्याण्णव. मग ती चौथ्या पानावर गेली, "शंभर" म्हणाली, एक पान मागे आली आणि ऐटीत म्हणाली, "एकोणशंभर!"

मी म्हणालो, "नव्याण्णव."

"का?"

पेन्सिल अजून तिच्याच हातात आहे आणि त्या पानाचा कोपरा कोरा आहे.