झिनिया की बटणफूल? नाशिकच्या अंगणापुरतं माझं मत

फवारणी नको, रोज झारी घेऊन फिरणं नको, आणि गणपतीपासून संक्रांतीपर्यंत अंगण ओकंबोकं दिसायला नको. हंगामी फुलांकडून तुमची एवढीच अपेक्षा असेल, तर नाशिकात निवड शेवटी दोन नावांवर येऊन थांबते: झिनिया आणि गॉम्फ्रेना. गॉम्फ्रेना म्हणजे नर्सरीवाले ज्याला नुसतं ‘बटण’ म्हणतात ते. दोन्ही मी लावली आहेत, एकाच वाफ्यात शेजारी शेजारी लावली आहेत, आणि आता माझ्याकडे मुख्यतः एकच लावलं जातं. कुठलं ते पुढे कळेलच, पण दुसऱ्यावर अन्याय होऊ नये म्हणून सगळं सांगतो.

बाकीची मंडळी का नाहीत, हे आधी उरकून घेऊ. झेंडूला नावं ठेवायची माझी छाती नाही. दसऱ्याला तोरण त्याचंच लागतं. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे चौकाचौकात झेंडूचे ढीग लागतात, तेव्हा घरच्या आठ-दहा रोपांचं कौतुक कमी होतं. शिवाय मोठ्या गोंड्यात पावसाचं पाणी साठून फूल आतून सडतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात लाल कोळी जाळी विणायला लागतो. टोमॅटोवाले शेतकरी झेंडू कडेला लावतात ते अळीसाठी सापळा म्हणून. म्हणजे किडीला तो आवडतो हे सरळच आहे. कॉसमॉस सुंदर, पण पावसाळ्यात वाऱ्याची एक झड आली की आडवा. त्याला सप्टेंबरच्या शेवटी टाका, दिवस लहान होत जातात तसा तो चांगला फुलतो. खत मात्र देऊ नका, नाहीतर नुसता पाला माजेल. तेरडा गौरीपुरता ठीक, त्याचा रंग किती दिवस हे म्हणीतच सांगून ठेवलंय. पेटुनिया थंडीतली, तिची गोष्ट वेगळी. आणि चिनी गुलाब, म्हणजे आपलं ‘ऑफिस टाइम’, नोकरदाराला रविवारीच दिसतं. आपण घरी येईपर्यंत ते मिटलेलं असतं.

आता झिनिया.

पहिल्या भेटीत झिनियाच जिंकते, हे मान्य करायला हवं. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर बी थेट जमिनीत टोचा, रोपवाटिकेचा खटाटोप नाही. उलट तिला उपटून दुसरीकडे लावलेलं फारसं मानवत नाही. दोन महिन्यांच्या आत फूल. गणपती लवकर आले तरी झिनिया हजर असते, आणि हा मुद्दा लहान नाही. रंगांचं म्हणाल तर निळा सोडून सगळे. फुलाजवळ डोळे नेऊन बघा, मधल्या तपकिरी चकतीभोवती बारीक पिवळ्या चांदण्यांचं एक कडं असतं. ती एकेक चांदणी म्हणजे एक छोटं फूल, आणि बाहेरची एकेक पाकळीही खरं तर एक फूलच. फुलपाखरं त्या कड्यावर बसून एकेका चांदणीत सोंड घालतात आणि पाच-पाच मिनिटं हलत नाहीत.

फुलदाणीसाठीही झिनिया उत्तम. फक्त तोडण्याआधी फुलाच्या खाली वीतभर अंतरावर देठ धरून हलकेच हलवा. मान लटपटली तर फूल अजून कच्चं आहे, पाण्यात टिकणार नाही. ताठ राहिली तर खुशाल तोडा. तोडलेलं झाडाच्या पथ्यावरच पडतं, खालून दोन फांद्या फुटतात.

मग अडलं कुठे? भुरीवर, म्हणजे पानांवर पांढरी पिठी चढवणाऱ्या बुरशीवर.

नाशिककरांना भुरी समजावून सांगायची गरज नाही. द्राक्षामुळे हा शब्द इथे शेती न करणाऱ्याच्या तोंडीही असतो. पण ती आपल्या अंगणात येईल असं वाटत नाही. सप्टेंबर सरत आला, पाऊस उघडला, दिवसा ऊन आणि पहाटे गारवा असं सुरू झालं की झिनियाच्या खालच्या पानांवर पांढरे ठिपके दिसतात, जणू कोणी चिमटीने पिठी टाकली आहे. अंगठ्याने पुसलं तर निघतात आणि आपल्याला वाटतं, झालं, धूळच होती. आठवड्याने तेच पान पूर्ण पांढरं, मग राखाडी, मग कडा वळून वाळलेलं. भुरी खालून वर चढत जाते. दसऱ्यापर्यंत निम्मं झाड गेलेलं असतं आणि दिवाळीत, नेमके पाहुणे यायच्या वेळी, वाळक्या पानांच्या काड्यांवर लाल-केशरी फुलं डोलत असतात. हो, फुलं येत राहतात. भुरीने झाड लगेच मरत नाही, हे झिनियाच्या बाजूने सांगायला हवं. पण दारात शिरणाऱ्याला आधी दिसतात ती पानं.

माझ्या मेहुण्याची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. दिवाळीला आला, फाटकातच थांबला, एक पान उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, “दाजी, हिच्यापायी आमची झोप उडते, आणि तुम्ही हौसेनं पाळलीय?” मी पाणी जास्त झालं असेल म्हणालो, तर त्याने मान हलवली. भुरीला ओलं पान लागतच नाही. उलट धो धो पावसात ती दबून राहते. तिला हवी असते दमट, कोंदट हवा, गार रात्र आणि सावली. ओल्या पानावर येतो तो डाऊनी, म्हणजे केवडा नावाचा वेगळा रोग. बागवाल्यांना हे पाठ असतं, आपल्यासारखे मात्र उगाच पाणी तोडून मोकळे होतात. एक शंका मात्र शेजाऱ्यांनी बोलून दाखवली होती म्हणून सांगतो: द्राक्षाच्या भुरीची बुरशी वेगळी आणि झिनियाची वेगळी. तुमच्या झिनियामुळे कोणाच्या बागेला धोका नाही, आणि बागेवरून ती तुमच्याकडे उडूनही येत नाही.

इलाज आहेत. पाण्यात विरघळणारं गंधक मेहुण्याने पुडीत बांधून दिलं होतं. ते मारायचं तर संध्याकाळी मारायचं, कारण तिशीच्या वर पारा असताना मारलं की पानं करपतात, आणि ऑक्टोबर हीटमध्ये आपल्याकडे पारा तिशीच्या वरच असतो. पाण्यात थोडं दूध मिसळून फवारणारेही आहेत, थोडाफार उपयोग होतो. रोपांत फूटभर अंतर ठेवलं, खालची पानं काढून टाकली, वारा खेळता राहिला तर भुरी उशिरा येते. उशिरा येते म्हणतोय, येत नाही म्हणत नाही. आमचं रो-हाऊस, वाफा कंपाउंडच्या भिंतीला लागून, दुपारनंतर शेजारच्या इमारतीची सावली. अशा जागी तिला आमंत्रणच आहे. तुमची उघडी गच्ची असेल, दिवसभर ऊन आणि वारा असेल, तर तुमचा अनुभव माझ्यापेक्षा बरा असू शकतो. पण पंप धुऊन, मास्क लावून, दर आठवड्याला फवारत बसायचं असेल तर मग गुलाबच का लावू नये? बिनकटकटीचं म्हणून तर हंगामी फुलांकडे आलो होतो.

तसं झिनियाला बुरशीने अंतराळातही सोडलं नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात वाढवलेल्या झिनियाच्या रोपांवर दमट हवेमुळे बुरशी चढली होती. स्कॉट केली यांनी त्यांची निगा राखली आणि जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी तिथे फुललेल्या झिनियाचे फोटो प्रसिद्ध केले. तिथे अंतराळवीर होता. आपल्याकडे रविवार सकाळ असते, तीही पूर्ण नाही.

भुरीला बऱ्यापैकी दाद न देणारी झिनियाही आहे. ‘प्रोफ्यूजन’ नावाची मालिका, साध्या झिनियाचा बारीक पानांच्या झिनियाशी संकर करून काढलेली, १९९९ मध्ये अमेरिकेत तिच्या दोन रंगांना सुवर्णपदक मिळालं होतं. झाड बुटकं, पसरट, फुलं एकेरी आणि लहान. चांगली आहे. पण तिचं बी आपल्या नेहमीच्या दुकानांत सहज दिसत नाही, महागही पडतं, आणि ज्या डेलियासारख्या भरगच्च फुलासाठी माणूस झिनियाकडे वळतो ते फूलच तिच्यात नाही.

आता बटणफूल. याच्याबद्दल बोलायला इतकं थोडं आहे की तेच त्याचं प्रशस्तिपत्रक समजा.

सुरुवात मात्र रटाळ आहे, हे लपवत नाही. बी कापसासारख्या लोकरीत गुंडाळलेलं असतं. रात्रभर पाण्यात भिजवलं तर बरं उगवतं, तरी दीड-दोन आठवडे वाट बघायला लावतं. रोपं लहान असताना पाणी जास्त झालं तर मुळाशी कुजून माना टाकतात. आपल्या काळ्या मातीत तर पाणी धरून राहतं, म्हणून वाफ्यात थोडा मुरूम आणि शेणखत मिसळलेलं बरं. बी टाकल्यापासून फूल यायला जवळजवळ तीन महिने. म्हणजे जूनच्या पेरणीवर गणपतीला जेमतेम कळ्या. ज्यांना गणपतीतच अंगण भरलेलं हवं, त्यांनी मेमध्येच कुंडीत बी टाकून रोपं तयार ठेवावीत. गरम हवेत ते उलट चांगलं उगवतं.

रंगही मोजके. गडद जांभळट गुलाबी, फिकट गुलाबी, पांढरा. लालसर केशरी मिळतं, पण ती वेगळी जात. वास नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा बघून “एवढंच?” असं विचारलं होतं, आणि त्यांचं फार चुकलं नव्हतं.

पण ऑक्टोबरमध्ये दोन्ही शेजारी शेजारी बघा. झिनियाची पानं उतरत चाललेली असतात तेव्हा बटणफुलाचं झाड गुडघ्याच्या वर येऊन, आपणहून फांद्या काढून, मातीपर्यंत हिरवं असतं. माझ्याकडे त्याच भिंतीला, त्याच सावलीत, त्याच हवेत त्याच्यावर भुरी मी पाहिलेली नाही. सगळीकडे असंच होईल अशी हमी मी देणार नाही, पण इतक्या वाईट जागेत टिकलं म्हणजे बऱ्या जागेत टिकायला हरकत नसावी. पाण्याचंही तसंच. दिवाळीत चार दिवस गावाला जाऊन आलो तर जमिनीतली झाडं होती तशीच होती. कुंडीतली थोडी मलूल झाली, पाणी दिल्यावर संध्याकाळपर्यंत उभी राहिली.

आणि खुडणं नाही. झिनियाचं फूल जुनं झालं की तपकिरी होऊन तसंच लटकतं. दर दोन-तीन दिवसांनी कात्री घेऊन फिरावं लागतं, नाहीतर नवी फुलं कमी आणि सुकलेली जास्त. बटणफुलाचा रंग मुळात पाकळ्यांचा नाहीच, तो कागदासारख्या कोरड्या आवरणांचा आहे. खरी फुलं त्या आवरणांच्या फटीतून डोकावणारे पिवळट पांढरे ठिपके, नीट बघितल्याशिवाय कळत नाहीत. त्यामुळे फूल ‘सुकतं’ तेव्हा दिसण्यात फार फरक पडत नाही. बोंड लांबट होत जातं, खालची बाजू गवताच्या रंगाची होते, वरचा गुलाबी तसाच. देठासकट तोडून उलटं टांगून वाळवलं तर रंग महिनोन्‌महिने राहतो. हारातही ओवता येतं, देवाला घातलेलं दुसऱ्या दिवशीही ताजंच वाटतं. आमच्या आईला ही गोष्ट विशेष पसंत पडली.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून गारठ्याच्या बातम्या येतात तेव्हा ते वाढ थांबवतं, पानांवर थोडी लाली येते, पण असलेली बटणं टिकून राहतात. संक्रांतीनंतर झाड उंच, विरळ, काटकुळं व्हायला लागतं. तेव्हा उपटावं, ओढत बसू नये.

तर कोणी काय लावावं? मुलांना बी टाकून लवकर फूल दाखवायचं असेल, घरात रोज फुलदाणी भरायची असेल, किंवा उघडी, वाऱ्याची जागा असेल, तर झिनिया लावा आणि दसऱ्यानंतर तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका. तिला अडीच महिन्यांचं पाहुणं समजून लावली की राग येत नाही. भिंतीलगतचा वाफा, अर्धवट सावली, नोकरीची वेळ आणि फवारणीचा कंटाळा, यातलं काहीही असेल तर मी बटणाकडे बोट दाखवीन. मी स्वतः आता पुढच्या ओळीला बटण लावतो आणि मागे, जिथे सकाळचं ऊन सगळ्यात जास्त येतं, तिथे मूठभर झिनिया टाकतो. भुरी दिसली की झिनिया उपटायची. तोवर बटणं भरात आलेली असतात.

बी विकत घ्यायचं ते पहिल्याच वर्षी. जानेवारीत पूर्ण वाळलेली बोंडं तळहातावर चोळली की लोकरीचे पुंजके सुटे होतात, प्रत्येक पुंजक्यात एक बी. ते तसंच कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. वेगवेगळे रंग जवळ लावले असतील तर पुढच्या वर्षी ते मिसळून येऊ शकतात, पांढरं शुद्ध हवं असेल तर त्याचा वाफा थोडा लांब करा.