कोटा की इटालियन? गाजावाजा न करता श्रीमंत दिसणाऱ्या घराची फरशी

घर साधं दिसावं, पण आत पाऊल टाकताच त्याचा दर्जा कळावा, असं वाटत असेल तर सर्वांत आधी फरशीवर खर्च करा. सोफा-पडदे कधीही बदलता येतात. फरशी उखडायची म्हणजे सगळं घर रिकामं करावं लागतं. व्हिट्रिफाइड टाइल सोयीची असते, पण छापलेल्या शिरा चौथ्या-पाचव्या लादीला पुन्हा दिसल्या की मन उतरतं. म्हणून इथे फक्त दोन खऱ्या दगडांचा विचार केला आहे: इटालियन मार्बल आणि कोटा.

इटालियनच्या देखणेपणाबद्दल वाद नाही. इटलीतल्या कॅरारा शहराजवळच्या खाणींतला स्टॅच्युआरियो पांढराशुभ्र असतो आणि त्यावर ठळक राखाडी शिरा असतात. तिथल्याच ब्रेशिया शहराजवळचा बोत्तिचिनो साईच्या रंगाचा, शांत. मला विचाराल तर संयत घरात बोत्तिचिनोच घ्यावा. स्टॅच्युआरियो खोलीतली सगळी नजर स्वतःकडे ओढून घेतो, मग फर्निचर कितीही साधं ठेवा. बाजारात ‘इटालियन’ म्हणून तुर्कस्तानातून आणि इतर देशांतून आलेला दगडही सर्रास विकला जातो. तो वाईट असतो असं नाही, पण भाव करताना दगड कुठला आहे ते विचारून घ्या.

कोट्याबद्दल आपल्याकडे अढी आहे. हा दगड राजस्थानातल्या रामगंजमंडी-झालावाड भागातून येतो, आणि आपण तो जिन्यात, शाळेच्या व्हरांड्यात, सोसायटीच्या पॅसेजमध्ये पाहत आलो. तिथे तो बसवतात तो स्वस्त म्हणून, आणि टिकतो म्हणूनही. आपल्याला खटकतं ते खरं तर काम: हातकापाच्या वेड्यावाकड्या कडा, बोटभर रुंद सांधे, त्यांत भरलेलं काळपट सिमेंट आणि वर चकचकीत पॉलिश. तोच दगड मशीनकट घ्या, दोन फूट रुंदीच्या लांब पट्ट्यांत लावा, सांधा दोन-तीन मिलिमीटरचा ठेवा, त्यात दगडाच्या रंगाला जुळणारा माल भरा आणि पॉलिश मॅटवर, म्हणजे चमक येण्याआधी, थांबवा. निळसर-हिरवट राखाडी रंगाचा एकसंध पट्टा तयार होतो. पांढऱ्या भिंती आणि सागवानी दारांशेजारी तो इतका शोभतो की आणखी सजावटीची गरज उरत नाही.

आता स्वयंपाकघराचा प्रश्न. दोन्ही दगड मुळात कॅल्शियम कार्बोनेटचे, आणि ते आम्लाने झिजतं. म्हणजे लिंबू, चिंचेचा कोळ, कोकमाचं आगळ दोघांनाही बाधतं. कोटा घेतला म्हणून सुटका होत नाही. फरक पडतो तो दिसण्यात. आरशासारख्या पॉलिशवर आगळाचा थेंब पडला की तिथली चमक जाते, आणि खिडकीतून तिरपा उजेड आला की तो डाग रोज दिसतो. मॅट कोट्यावर तो हरवून जातो. पांढऱ्या मार्बलवर हळदीचं तेल वेळीच पुसलं नाही तर पिवळेपणा आत मुरतो, मग निव्वळ पुसून निघत नाही. संडास साफ करायचं अॅसिड मात्र दोन्हींपासून लांब ठेवा.

कोट्यात उणिवा आहेत. हा थरांचा दगड असल्याने खराब लॉटमध्ये पापुद्रे सुटतात. रंगही एकसारखा येत नाही, त्यामुळे लादी चिकटवण्याआधी अख्ख्या खोलीत कोरडी मांडून बघावी. आणि तो उजेड खातो. एकाच बाजूला खिडकी असलेल्या, समोर दुसरी इमारत उभी असलेल्या फ्लॅटमध्ये कोटा उदास वाटेल. तिथे बोत्तिचिनो खरोखर उजवा.

खर्चात तुलनाच नाही. ढोबळमानाने कोटा चौरस फुटाला शंभर रुपयांच्या आत मिळतो, इटालियन तीनशेच्या आसपास सुरू होतो आणि हजाराच्या वर कितीही जातो. शिवाय इटालियनला पांढरं सिमेंट लागतं, कारण राखाडी सिमेंटचा रंग खालून वर येतो. कापताना मालही बराच वाया जातो. मार्बलचा स्लॅब, म्हणजे मोठा अखंड तुकडा, निवडायला जाल तेव्हा त्यावर पाणी ओतायला सांगा. पृष्ठभाग सुकतो, पण बारीक तड ओली राहून काळ्या रेघेसारखी दिसते. मागे जाळी चिकटवलेली असेल तर स्लॅब कमजोर आहे का, ते सरळ विचारा.

जुन्या इमारतीत वजनाचाही विचार हवा. वीस मिलिमीटरचा दगड चौरस मीटरला पन्नास किलोच्या वर भरतो, खालच्या मालाचं वजन वेगळं. जुनी लादी न काढता वर नवी चढवणार असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

घरात लहान मुलं आहेत, रोजचा मोठा स्वयंपाक आहे आणि उजेड भरपूर आहे, तर हॉल, स्वयंपाकघर आणि गॅलरीत एकसलग मॅट कोटा घ्या. वाचलेल्या पैशांतला मोठा वाटा चांगल्या गवंड्याला आणि पॉलिशवाल्याला द्या. माणसं कमी, उजेड कमी आणि दर काही वर्षांनी पुन्हा पॉलिश करायची तयारी असेल, तर बोत्तिचिनो. दोन्ही हवे असतील तर मार्बल फक्त बेडरूममध्ये लावा आणि दोन दगड दाराच्या फळीखाली बरोबर भेटतील असं पाहा, म्हणजे दार बंद असताना सांधा दोन्हीकडून दिसत नाही. आणि शेवटचं पॉलिश सुतार-रंगारी घराबाहेर पडल्यावरच करून घ्या.