क्रूझच्या आदल्या रात्री मुंबईत सात रूम बुक केल्या, आणि रिसेप्शनवर एकही नव्हती

एकूण ३५,२८० रुपये गेले. त्यातले २०,१६० माझे नव्हते, सासूबाईंच्या हास्यक्लबातल्या बारा जणांचे होते, आणि हे लिहायला घेतलं ते त्या वीस हजारांमुळे. स्वतःचे पैसे गेले की माणूस चार दिवस हळहळतो आणि विसरतो, पण एखाद्या मावशींनी पर्समधून मोजून दिलेल्या नोटा आपल्या हातून जातात ना, ते नाही विसरता येत.

तर झालं असं की डिसेंबरात मुंबईहून गोवा-लक्षद्वीप अशा क्रूझचं ठरलं. क्लबातले बारा जण, सगळे साठीच्या पुढचे, नानांचे दोन्ही गुडघे बदललेले, आणि सोबत मी आणि आमचे हे. क्रूझचं बुकिंग नीट झालं होतं, त्यात काही अडचण आली नाही. प्रश्न होता आदल्या रात्रीचा. नाशिकहून सकाळी निघून त्याच दिवशी जहाज पकडायचं का? पंचवटी एक्सप्रेस मिळाली तर साडेदहा-अकरापर्यंत सीएसएमटीला पोचतो, तिथून टर्मिनल जवळच. पण चौदा जणांचं रिझर्व्हेशन मिळेना आणि एखाद्या दिवशी गाडी कसाऱ्याला अडकली तर जहाज काही आपल्यासाठी थांबत नाही, सुटायच्या बरंच आधी चेक-इन बंद होतं. रोडने गेलं तर भिवंडीचं ट्रॅफिक. म्हणून सगळ्यांचं एकमत झालं की एक रात्र मुंबईत काढायची आणि सकाळी आरामात आंघोळ-नाश्ता करून बंदरावर जायचं. हा निर्णय बरोबरच होता, आजही मी तसंच करीन.

हॉटेल कुठे घ्यायचं हेही मी नीट विचार करून ठरवलं होतं. खूप लोक मुंबई म्हटलं की अंधेरीला एअरपोर्टजवळ घेतात किंवा स्वस्त पडतं म्हणून नवी मुंबईत, आणि मग सकाळच्या ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास गाडीत बसतात. काहींना तर न्हावाशेवा आणि मुंबई बंदर एकच वाटतं, ते खाडीच्या पलीकडे आहे, तिथे कंटेनर चढतात. क्रूझचं टर्मिनल आहे बॅलार्ड पियरला, टॅक्सीवाल्याला ग्रीन गेट सांगितलं की कळतं. म्हणजे हॉटेल फोर्टमध्ये किंवा सीएसएमटीच्या आसपासच हवं. आणि फोर्टात जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर हॉटेलं असतात, लिफ्ट असते ती जाळीची, दोन माणसं आणि एक बॅग मावेल एवढी, त्यामुळे नानांसाठी मोठी लिफ्ट पाहिजे, सगळ्या रूम एकाच ठिकाणी पाहिजेत आणि नाश्ता लवकर मिळाला पाहिजे. एवढं सगळं बघितलं. फक्त ज्याच्याशी बोलतोय तो खरंच त्या हॉटेलचा आहे का, एवढं एक बघायचं राहिलं.

हॉटेल खरं आहे, हे आधी सांगते. फोर्टात आहे, चांगलं आहे, लोक चांगले आहेत. मी त्याचं नाव घालून सर्च केलं, सगळ्यात वर एक वेबसाइट आली, वर बारीक अक्षरात स्पॉन्सर्ड असं लिहिलेलं होतं ते मी आता सांगू शकते, तेव्हा बघितलंही नव्हतं. फोटो त्याच हॉटेलचे, लोगो तोच, नंबर मोबाइलचा. फोन केला तर पलीकडचा माणूस इतका अदबीने बोलला की काय सांगू. ग्रुपमध्ये सिनियर सिटिझन आहेत म्हटल्यावर स्वतःहून म्हणाला, मॅडम व्हीलचेअर ठेवतो, खालच्या मजल्यावर रूम देतो, सकाळी सहाला चहा देतो. बोलता बोलता ‘आईंना नमस्कार सांगा’ म्हणाला. मी फोन ठेवून सासूबाईंना सांगितलं सुद्धा, आई, माणूस फार चांगला भेटला.

सात रूम, ३,२०० प्रमाणे २२,४००, त्यावर पाच टक्के जीएसटी, २३,५२० झाले. निम्मा ॲडव्हान्स म्हणजे ११,७६० पाठवा म्हणाला आणि क्यूआर टाकला. मी स्कॅन केला तर स्क्रीनवर हॉटेलचं नाव नाही, एका बाईचं नाव आलं.

इथे मी थांबले होते. खरंच थांबले होते, अंगठा वर धरून. त्याला विचारलं की हे नाव कोणाचं? तो म्हणाला, ओनरच्या मिसेसचं खातं आहे, कंपनी अकाउंटवर ग्रुप बुकिंगचं लिमिट संपलंय. आणि मी पिन टाकला. ह्या अख्ख्या प्रकरणात वेबसाइट खोटी, लोगो चोरलेला, बोलणं खोटं, खरी गोष्ट एकच होती ती म्हणजे यूपीआयच्या स्क्रीनवर आलेलं ते नाव. ते नाव बँकेतल्या खात्यावरून येतं, ते त्या माणसाला बदलता येत नाही. मोबाइलवर कॉल आला की ट्रूकॉलरसारख्या ॲपमध्ये जे नाव दिसतं ते कोणालाही काहीही सेव्ह करून बनवता येतं, व्हॉट्सअ‍ॅपला बिझनेस अकाउंट आणि हॉटेलचा डीपी कोणालाही लावता येतो, पण पैसे पाठवतानाचं नाव खरं असतं. तिथे बाईचं नाव आणि आपण बुक करतोय हॉटेल, तर तिथेच मागे फिरायचं, समोरच्याने कारण काहीही सांगितलं तरी.

दहा मिनिटांत त्याचा फोन. मॅडम सिस्टिम निम्मी अमाउंट घेत नाहीये, ग्रुपचं व्हाउचर जनरेट व्हायला जीएसटी धरून पूर्ण रक्कम एकाच एंट्रीत लागते, तुम्ही २३,५२० एकदम टाका, आधीचे ११,७६० आपोआप परत येतील. आता वाचताना तुम्हाला वाटेल की हे कोणाच्याही लक्षात आलं असतं. फोनवर तसं नाही वाटत. एक हप्ता गेलेला असतो, सात रूम हातातून जातील अशी भीती असते, आणि तो ‘दोनच मिनिटं होल्ड करतोय, दुसरी पार्टी लाइनवर आहे’ म्हणतो. मी टाकले. नंतर कळलं की ही ह्या लोकांची ठरलेली पद्धत आहे, पहिला हप्ता घेऊन सिस्टिमच्या नावाखाली पूर्ण रक्कम परत मागायची. द्वारका, सोमनाथ, पुरीच्या गेस्ट हाउसच्या नावाने असंच चालतं, गृह मंत्रालयाच्या आयफोरसीने, म्हणजे सायबर गुन्ह्यांवर काम करणाऱ्या केंद्राने, २०२५ च्या एप्रिलमध्ये यात्रेकरूंच्या अशा खोट्या बुकिंगवर सूचनाही काढली होती. तेव्हा मी ती वाचली नव्हती.

व्हाउचर आलं. पीडीएफ, रंगीत, चौदाही जणांची नावं, सात रूम, ‘सी व्ह्यू’ असं लिहिलेलं. ११,७६० काही आले नाहीत. तीनदा फोन केला, प्रत्येक वेळी उचलला, शेवटी म्हणाला चेक-आउटला कॅश देतो मॅडम, काळजी नको. एकदा त्याने रिफंडसाठी म्हणून दुसरा क्यूआर पाठवला, तो मी स्कॅन केला तर पिन मागायला लागला, तेव्हा मात्र मी बंद केलं कारण पैसे घ्यायला पिन लागत नाही एवढं माहीत होतं. एवढं माहीत असून संशय कसा आला नाही, हे मी स्वतःला शंभर वेळा विचारलंय. आपण बारा जणांना ‘बुकिंग झालं’ सांगून बसलेलो असतो, ते झालेलं नसेल ही शक्यता डोक्यात घ्यायचीच नसते.

दुपारी एकला नाशिकच्या मुंबई नाक्यावरून टेम्पो ट्रॅव्हलर निघाला. इगतपुरीला चहा झाला, घाटात गाणी झाली, भिवंडीला व्हायचं तेवढं ट्रॅफिक झालं. रात्री आठला फोर्टात. गल्लीत गाडी उभी राहू देत नाहीत म्हणून ड्रायव्हरने पटापट बॅगा फुटपाथवर उतरवल्या आणि तो गेला.

रिसेप्शनवरच्या मुलाने माझ्या मोबाइलवरचं व्हाउचर बघितलं आणि काही बोललाच नाही. मग आतून मॅनेजरना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, ताई, हे आमचं नाही, ह्या महिन्यात तुम्ही तिसऱ्या आहात. त्यांनी मला भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं जीएसटीचं सर्टिफिकेट दाखवलं. नंबर २७ ने सुरू होत होता. माझ्या व्हाउचरवरचा २४ ने. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, २७ महाराष्ट्र, २४ गुजरात. फोर्टातल्या हॉटेलचा नंबर गुजरातचा कसा असेल. जीएसटीच्या साइटवर तो पंधरा अक्षरांचा नंबर टाकला की फर्मचं नाव फुकट दिसतं, एक मिनिटाचं काम. आणि सी व्ह्यू? त्या हॉटेलच्या खिडक्या गल्लीत उघडतात, समुद्र गच्चीवरूनही दिसत नाही.

मी मागे वळून बघितलं तर पायरीवर नाना आपल्याच बॅगेवर बसलेले, काठी दोन्ही हातात धरून. कोणी काही बोललं नाही. एक मावशी फक्त म्हणाल्या, ‘अगं, म्हणजे आता झोपायचं कुठे?’ त्यात राग नव्हता, खरंच विचारत होत्या. मला त्यांनी ओरडून बोललेलं परवडलं असतं.

त्या मॅनेजरनी खूप मदत केली. स्वतःकडच्या दोन रूम काढून दिल्या, आजूबाजूला फोन लावले, तीन रूम सीएसएमटीसमोर मिळाल्या आणि दोन कुलाब्याला, त्याही आयत्या वेळच्या रेटने. तीन ठिकाणी वाटलेले चौदा जण रात्री अकराला जेवले. सकाळी टॅक्स्या करून सगळे ग्रीन गेटला भेटलो, जहाज मिळालं. समुद्रावरचे दिवस चांगले गेले असं सगळे म्हणतात, मला फारसे आठवत नाहीत.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन मी त्याच फुटपाथवरून केला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं व्यवहार कधी झाला. पाच आठवडे, म्हटलं. पलीकडची मुलगी क्षणभर गप्प झाली. पैसे गेल्या गेल्या, पहिल्या तासा-दोन तासांत फोन केला तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येते, नंतर ती एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून एटीएममधून बाहेर. तरी तक्रार घेतली, बारा आकडी यूपीआय रेफरन्स नंबर मागितला, तो स्क्रीनशॉट काढून ठेवलेला असावा. परत आल्यावर नाशिकला सायबर पोलिसांकडेही जाऊन आले, ते खातं कोणा गरीब बाईच्या नावाने उघडून भाड्याने वापरलेलं निघालं. बँकेने सरळ सांगितलं की पिन तुम्हीच टाकलाय. कामाच्या तीन दिवसांत कळवलं की पैसे परत मिळतात असं आपण ऐकलेलं असतं, ते रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातलं होतं, पण ते आपल्या नकळत झालेल्या व्यवहाराला होतं, स्वतः पाठवलेल्या पैशाला नाही.

मी सगळ्यांचे १,६८० प्रत्येकी परत करायला निघाले होते. नानांनी पाकीट परत माझ्या हातात दिलं आणि इतरांनाही सांगितलं. दोघांनी घेतले, त्यांचं बरोबरच आहे, त्यांचा हक्काचा पैसा होता.

आता मुख्य सांगायचं ते हे की आपल्या नाशकात सिंहस्थ आलाय. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. प्रयागराजला २०२५ च्या कुंभात खोट्या टेंट आणि हॉटेल बुकिंगच्या साइट निघाल्या होत्या. इथेही निघतील, पंचवटीच्या नावाने, त्र्यंबकच्या नावाने, आणि फसणारे कोण, तर आपलेच पाहुणे, नागपूरचे, सोलापूरचे, ज्यांना रामकुंड कुठे आणि तपोवन कुठे हे माहीत नाही. आपण इथे राहतो, आपल्याला पायी जाऊन बघता येतं. त्यांना तेवढं करून द्या.

माझ्या नणंदेने नागपूरहून मागच्या आठवड्यात एका लॉजची लिंक पाठवली, पंचवटीतलं, वहिनी चांगलं आहे का बघ ना. मी पैसे टाकू नको म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीवरून तिथेच गेले. लॉज आहे. बाहेर पिवळ्या बोर्डवर काळ्या अक्षरात लँडलाइनचा नंबर रंगवलेला. मोबाइल काढला आणि नेटवरचा नंबर त्याच्याशी ताडून बघितला, तो वेगळाच. काउंटरवर एक आजोबा पेपर वाचत होते, त्यांना स्क्रीन दाखवली. त्यांनी दोनदा वाचलं, पेपर घडी करून ठेवला आणि आत मुलाला हाक मारली.