राणीची बाग: पेंग्विनच्या रांगेआधी झाडे पाहावीत

मुंबईत मुलाबाळांसह एक दिवस बाहेर काढायचा ठरला की भायखळ्याच्या राणीच्या बागेचे नाव पहिल्या दोन-तीन नावांत येतेच, आणि गेल्या काही वर्षांत ते बहुतेक वेळा पेंग्विनमुळे येते. पेंग्विन पाहण्यासारखे आहेत यात वाद नाही. मात्र त्यांच्यासाठी म्हणून जे कुटुंब बागेत शिरते आणि पिंजऱ्यांच्या क्रमाने चालत दुपारी दमून बाहेर पडते, त्याने तिकिटाच्या पैशांत मिळणाऱ्या सर्वांत मोलाच्या गोष्टीकडे मान वर करून पाहिलेलेच नसते. ही मुळात झाडांची बाग आहे. तिचा दिवस झाडांभोवती आखला आणि प्राणी मधूनमधून विश्रांतीसारखे घेतले, तर आजी-आजोबांपासून बालवाडीतल्या मुलापर्यंत सर्वांना पुरेल असे ठिकाण मुंबईत दुसरे सहसा सापडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या म्हणण्याला बागेच्या इतिहासाचा आधार आहे. 19 नोव्हेंबर 1862 रोजी व्हिक्टोरिया गार्डन्स या नावाने हे उद्यान लोकांसाठी खुले झाले आणि आरंभीची काही वर्षे त्याची व्यवस्था कृषी व उद्यानविद्येला वाहिलेल्या एका संस्थेकडे होती. देशोदेशींची झाडे आणून ती मुंबईच्या हवेत रुजतात का, हे पाहणे हा त्या काळच्या उद्यानांचा मुख्य उद्योग होता. प्राणिसंग्रहालयासाठी शेजारची जागा जोडली गेली ती 1890च्या सुमारास, म्हणजे झाडे लावायला सुरुवात होऊन पाव शतक उलटल्यानंतर. आज पन्नास एकरांच्या आसपास पसरलेल्या या परिसरात 286 जातींची तीन हजारांहून अधिक झाडे नोंदलेली आहेत. वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय हे तिचे आजचे अधिकृत नाव. रिक्षावाल्याला, बसच्या वाहकाला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र ‘राणीची बाग’ म्हटल्याशिवाय उलगडा होत नाही.

आता झाडांकडे वळू. बागेतले माझे सर्वांत आवडते झाड उर्वशीचे. हे मूळचे म्यानमारचे. 1820च्या दशकात नॅथॅनिएल वॉलिक या वनस्पतिशास्त्रज्ञाला ते तिथल्या एका मठाच्या बागेत आढळले आणि त्या वेळच्या गव्हर्नर जनरलची पत्नी लेडी अ‍ॅम्हर्स्ट व तिची मुलगी यांच्या गौरवार्थ त्याने त्याला ‘अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस’ हे शास्त्रीय नाव दिले. साधारण जानेवारीच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ते फुलते, आणि फुलते तेव्हा लांब देठांवरून खाली लोंबणारे लालगुलाबी झुपके जवळजवळ डोक्याला लागतात. यातले एक फूल जवळून पाहावे. पाकळ्यांच्या टोकाशी पिवळा ठिपका असतो, त्याला लागून गडद लाल पट्टा असतो, आणि लांब, वळलेले पुंकेसर बाहेर झेपावलेले असतात. झाड फुलावर नसेल तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण त्याची कोवळी पालवीही तितकीच विलक्षण असते: तपकिरी-जांभळट रंगाची पाने झुबक्याने खाली लोंबत राहतात आणि पाहणाऱ्याला झाडाला पाणी कमी पडले की काय अशी शंका येते. काही दिवसांतच तीच पाने ताठ होतात आणि हिरवी पडतात. या झाडाला बी क्वचितच धरते, त्यामुळे त्याची रोपे बहुधा गुटी बांधून तयार करावी लागतात. रोपवाटिकांत ते सहजी दिसत नाही याचे एक कारण हेच असावे.

मुलांच्या दृष्टीने मात्र पहिला मान कैलासपतीला द्यावा लागेल. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या झाडाची फुले फांद्यांच्या शेंड्याला येत नाहीत. खोडातूनच दोरखंडासारख्या वेड्यावाकड्या डहाळ्या फुटतात आणि त्यांवर ती लागतात, कधी कधी इतकी खाली की पाच वर्षांच्या मुलालाही उचलून न घेता दिसावीत. गुलाबी आणि पिवळट रंगांच्या सहा जाड पाकळ्यांच्या मध्ये पुंकेसरांचे एक कडे असते, आणि त्या कड्याच्या एका बाजूने निघालेला पुंकेसरांचा दुसरा समूह फण्यासारखा वळून त्यावर छत्र धरतो. शिवलिंगावर नागाने फणा धरल्याची कल्पना आपल्या लोकांना सुचली ती यावरूनच. गंमत अशी की फण्यातले पराग बीजधारणेच्या कामाचे नसतात. ते मधमाश्यांसाठी ठेवलेले खाणे असते, आणि माशी ते खात असताना तिच्या पाठीला जे पराग लागतात ते खालच्या कड्यातले. शाळेत परागीभवनाचा धडा पाठ केलेल्या मुलांना हे प्रत्यक्ष दाखवले की धड्याचे चीज होते. फुलांचा वास गोड आणि दाट असतो. तोफगोळ्याएवढे तपकिरी फळ फुटले तर मात्र नाकाला रुमाल लावावा लागतो. फळे वजनाने भारी असल्यामुळे झाडाच्या अगदी खाली मुलांना उभे करून छायाचित्र काढण्याचा मोह आवरावा.

सीता अशोकही आवर्जून पाहावा. सोसायट्यांच्या कुंपणाशी खांबासारखे सरळ वाढलेले जे झाड आपण अशोक म्हणून ओळखतो, त्याचा खऱ्या अशोकाशी काही संबंध नाही; खऱ्या अशोकाचे नारिंगी-लाल गुच्छ वसंतात जुन्या फांद्यांना आणि खोडालाही लागतात आणि त्या फुलांना पाकळ्या नसून रंगीत झालेली निदलेच असतात. गोरखचिंचेचे जाडजूड, फुगीर खोड मुलांनी हातांची साखळी करून मोजण्याजोगे असते. आफ्रिकेतून शतकांपूर्वी व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आलेले हे झाड वर्षातील बराच काळ निष्पर्ण असते आणि पावसाळ्यात त्याला रात्री उमलणारी मोठी पांढरी फुले लागतात. मादागास्करची कोलव्हिलिया पावसाळा सरता सरता केशरी होते. पर्जन्यवृक्षांची छत्री तर बारमाही आहे. भर मे महिन्यातही या बागेत चालवते ते त्यांच्या सावलीमुळे, आणि संध्याकाळी त्यांची पाने मिटतात हे ज्यांना माहीत नाही त्यांनी बाग बंद होण्याच्या सुमारास वर पाहावे.

ही झाडे आज जागेवर आहेत याचे बरेचसे श्रेय मुंबईकर नागरिकांना आहे. 2007च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या आधुनिकीकरणाचा चारशे कोटींहून अधिक खर्चाचा आराखडा पुढे आला, तेव्हा त्यात जुन्या वृक्षसंपदेचे काय होणार, हा प्रश्न काही वृक्षप्रेमींनी, विशेषतः महिलांनी, लावून धरला. बागेतील झाडांची नोंद केली, वारसा समितीपुढे बाजू मांडली, आणि तो मूळ आराखडा मागे पडला. पुढे जे बदल झाले ते त्या मानाने मर्यादित राहिले. वृक्षप्रेमी मंडळी आजही येथे अधूनमधून वृक्षफेऱ्या घेतात. कुटुंबासह जाताना अशा फेरीचा मुहूर्त साधता आला तर झाडांची ओळख पटवून द्यायला जाणकार माणूस आयताच मिळतो. एरवी पालकांना थोडी तयारी घरूनच करावी लागते, कारण बागेतली गर्दी प्राण्यांच्या दिशेने वाहते आणि आपणही नकळत तिच्याबरोबर वाहत जातो. तिकिटाबरोबर ‘या महिन्यात काय फुलले आहे’ एवढे सांगणारा एक साधा कागद हाती पडला, तर बागेचा निम्मा भाग ज्यांना दिसतच नाही अशा हजारो लोकांची सोय होईल, असे वाटल्यावाचून राहत नाही.

पेंग्विनांविषयी थोडे. हम्बोल्ट जातीचे हे पक्षी 2016 साली दक्षिण कोरियाहून आले आणि मार्च 2017 पासून लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. बर्फावर घसरणारे पेंग्विन पाहायला मिळतील या अपेक्षेने गेलेली मुले काचेपलीकडचे खडक आणि पाणी पाहून क्षणभर हिरमुसतात. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर, थंड सागरी प्रवाहाच्या आधाराने राहणारी ही जात आहे. तिला बर्फ लागत नाही, थंडावा लागतो. एवढे आधीच सांगून ठेवले की मुले पाण्याखालच्या सुळकांड्यांकडे नीट लक्ष देतात. सुटीच्या दिवशी रांग लांब असते आणि काचेपुढे फार वेळ रेंगाळता येत नाही, त्यामुळे उन्हे चढल्यावर, पाय दुखू लागले की, वातानुकूलित दालनातील ही थांबण्याची वेळ साधावी. पाणघोड्याच्या तळ्याशी आणि पक्ष्यांच्या भव्य जाळीदार दालनात, जिथे पक्षी आपल्याभोवती मोकळे उडत असतात, मुले पेंग्विनांपेक्षा अधिक वेळ रमतात, असा माझा तरी अनुभव आहे. वाघ-बिबट्यांची मात्र खात्री देता येत नाही. दुपारी ते झोपलेले असणार हे गृहीत धरूनच चालावे.

ज्यांना झाडांतही रस नाही आणि प्राण्यांतही नाही, अशा किशोरवयीन मंडळींसाठी बागेत आणखी एक खजिना आहे. घारापुरीला पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ हे नाव ज्या दगडी हत्तीवरून दिले, तो हत्ती आज बागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. 1864 साली तो हलवण्याच्या खटपटीत फुटला, त्याचे तुकडे येथे आणले गेले आणि पुढे ते जोडण्यात आले. सांधे शोधायला मुलांना सांगावे. त्याचप्रमाणे, फोर्टमधल्या ज्या चौकाला आपण अजूनही काळा घोडा म्हणतो, तो मूळ घोडा, पाठीवरच्या सातव्या एडवर्डसह, 1965 पासून राणीच्या बागेतच आहे. तो पुतळा अल्बर्ट ससून यांनी शहराला भेट दिला होता, आणि बागेतला 1865 सालचा घड्याळाचा मनोरा त्यांचे वडील डेव्हिड ससून यांच्या नावाचा आहे. 1872 साली खुल्या झालेल्या संग्रहालयाची इमारत आतून पाहण्यासारखी आहे, तिथले मातीचे छोटे देखावे जुन्या मुंबईतले लोक आणि त्यांचे व्यवसाय दाखवतात. पण त्याचे तिकीट वेगळे असते आणि बागेनंतर तिथे शिरण्याइतके त्राण लहान मुलांत उरत नाही. ते दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवलेले बरे.

खर्चाच्या बाबतीत बाग आजही सामान्य माणसाची आहे. 2017च्या दरवाढीत आई-वडील आणि दोन मुले अशा कुटुंबासाठी 100 रुपयांचे तिकीट ठरले, तर एकट्या प्रौढासाठी 50 रुपये आणि लहान मुलासाठी 25 रुपये. त्याआधीच्या पाच रुपयांच्या तिकिटाची आठवण काढून हळहळणारे पुष्कळ भेटतात; परंतु याच शहरातल्या मॉलमध्ये तासाभराच्या खेळासाठी मुलामागे मोजावे लागणारे पैसे आठवले की ही हळहळ फार टिकत नाही. तिकीट ऑनलाइनही काढता येते, आणि सुटीच्या दिवशी ते तसेच काढावे.

भायखळा स्थानकाच्या पूर्वेकडून बाग चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. वाटेतली गर्दी आणि रहदारी पाहता आजी-आजोबा बरोबर असतील तर टॅक्सी करणे शहाणपणाचे. बुधवारी बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुटी आली तर ती सहसा उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, तेव्हा सुटीच्या आठवड्यात निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. सकाळी दरवाजे उघडताच आत शिरावे आणि पहिला दीड-दोन तासांचा वेळ निव्वळ झाडांना द्यावा, कारण त्या वेळी रस्ते मोकळे असतात, ऊन तिरपे असते आणि रात्री पडलेली फुले झाडून नेलेली नसतात. वयस्कर मंडळींना सावलीत बसवून बाकीच्यांनी प्राण्यांची फेरी उरकता येते. आमच्याकडच्या आजी या वाटणीवर इतक्या खूश असतात की पेंग्विन पाहायला चला म्हटले तरी उठत नाहीत. जेवणाचा बेत बागेबाहेरचा ठेवावा. भायखळ्याहून दादर मोजून चार स्थानके पुढे आहे आणि तिथे मराठी जेवणाची सोय चांगली आहे.

जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी महापालिकेचे फुलांचे प्रदर्शन येथे भरते. फुलांनी सजवलेल्या प्रतिकृतींपुढे सेल्फीसाठी उडणारी झुंबड मला सोसत नाही. कुंड्यांत वाढवलेली वांगी, दुधी, मिरच्या आणि फळझाडे यांचा विभाग मात्र गच्चीवर किंवा खिडकीत काहीतरी लावू पाहणाऱ्या प्रत्येकाने पाहावा असा असतो, आणि त्या दिवसांत उर्वशीही फुलायला लागलेली असण्याची शक्यता असते. प्रदर्शनाचे दिवस शनिवार-रविवारला जोडून येत असतील तर शुक्रवारची सकाळ गाठावी आणि मुलांची एक दिवसाची शाळा बुडाली तरी बुडू द्यावी.